क्लबने काढून टाकलेले पिस्तूल स्पर्धेला चालेल का?

प्रश्न: आमच्या नेमबाजी क्लबने दाबहवेची नवी पिस्तुले घेतल्यावर जुनी स्प्रिंगची पिस्तुले सदस्यांना अगदी कमी किमतीत दिली. त्यांतील फाइनवेर्कबाउ 65 हे पिस्तूल मी माझ्या मुलीसाठी घेतले आहे. टेकू देऊन झाडले तरी छर्रे वर-खाली विखुरतात आणि चाप एखाद्या दिवशी हलका, तर एखाद्या दिवशी जड लागतो. हे पिस्तूल जिल्हा पातळीवरील 10 मीटर स्पर्धेसाठी तयार करता येईल का, आणि त्यासाठी कोणते सुटे भाग मागवावेत? — एक वाचक, कराड

उत्तर: तयार करता येईल, मात्र दोष नेमका कोठे आहे हे सापडेपर्यंत एकही भाग मागवू नका. जर्मनीतील ओबर्नडोर्फ येथे घडवलेले हे पिस्तूल एके काळी जगभरच्या स्पर्धांमध्ये वापरले जात असे, आणि नळी गंजलेली नसेल तर शिकाऊ नेमबाजाच्या हाताला हवी असते त्याहून अधिक अचूकता त्यात आजही असते. अशा जुन्या पिस्तुलांत बिघडलेले असते ते बहुधा सील, सैल झालेले असतात ते स्क्रू, आणि चुकीचे असतात ते छर्रे. दुर्दैवाने आपल्याकडे लोक सर्वप्रथम नळीवर संशय घेतात.

प्रथम पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच छर्‍यांचे चार गट, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाडलेल्या छिद्रांचे चार पुंजके, झाडून पाहा. या पिस्तुलात धक्का शोषण्यासाठी नळी आणि सिलिंडर असा सगळा वरचा भाग झाडताना रुळांवरून मागे सरकतो, त्यामुळे पिशवीचा आधार मुठीच्या सांगाड्याला द्यावा आणि वरचा भाग मोकळा ठेवावा. तो अडला तर चांगले पिस्तूलही वाईट गट दाखवते. 10 मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. पाचही छिद्रे या वर्तुळात मावत असतील तर दुरुस्तीचा विचार सोडून द्या आणि मुलीला सरावाला लावा.

तुमच्या पत्रातील ‘वर-खाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. छर्रा किती वेगाने जातो यापेक्षा प्रत्येक वेळी त्याच वेगाने जातो की नाही, हे येथे निर्णायक असते. हिशेब सोपा आहे: सेकंदाला 140 मीटर वेगाने निघालेला छर्रा 10 मीटर अंतरात सुमारे 25 मिलिमीटर खाली येतो, आणि तोच 120 मीटर वेगाने निघाला तर सुमारे 34 मिलिमीटर खाली येतो. म्हणजे वेगातील 20 मीटरच्या फरकाने नऊ मिलिमीटरची चूक होते. पिस्तुलाच्या लक्ष्यावर एका वर्तुळाची रुंदी आठ मिलिमीटर असल्यामुळे, मुलीचा हात अजिबात हललेला नसतानाही तिचा पूर्ण एक गुण जाऊ शकतो. छर्रे आडवे पसरत असते तर मी मूठ आणि मागची साइट (नेम धरण्याची खाच) पाहायला सांगितले असते, आणि सगळीकडे सारखे विखुरत असते तर छर्रे व नळीचे तोंड. उभ्या रेषेतील विखुरण्याचे पहिले कारण मात्र हवेची गळती हेच असते.

ही गळती घरच्या साधनांनी ओळखता येते. नळी आणि सिलिंडर जेथे जुळतात त्या सांध्यावर टिश्यू कागदाची बारीक पट्टी ठेवावी आणि लक्ष्याकडे रोखून नेहमीप्रमाणे छर्रा भरून झाडावे. पट्टी उडाली तर सांध्याचे सील गेलेले आहे असे समजावे. हे सील बाहेरूनच दिसते आणि बदलायला फार कौशल्य लागत नाही. पट्टी हलली नाही आणि तरीही वेग कमी-जास्त होत असेल, तर दोष आत दट्ट्यापाशी किंवा स्प्रिंगमध्ये असतो. त्यासाठी पिस्तूल उघडावे लागते, आणि ते काम कृपया घरी करू नका, कारण आतली स्प्रिंग दाबलेल्या स्थितीतच बसवलेली असते आणि योग्य शिकंजा नसताना सोडल्यास बोटे किंवा डोळा जाऊ शकतो. अनुभवी आर्मररकडे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणार्‍या कारागिराकडे, पिस्तूल नेणे येथे स्वस्तच पडते.

गळती बंद झाल्यावर पुढची कामे थोडक्यात होतील. सगळे स्क्रू बरोबर मापाच्या पेचकसाने हलकेच आवळावेत. कानातल्या कापसाची काडी नळीच्या तोंडावरून फिरवावी. कापसाचे तंतू कोठे अडकले तर तेथे खरवड आहे असे समजून ते आर्मररला दाखवावे. नळी साफ करताना पोलादी ब्रश वापरू नये. नायलॉनच्या दोरीला कापडाची चिंधी बांधून ती मागून तोंडाकडे ओढावी. शिवणयंत्राचे तेल सिलिंडरमध्ये कधीही घालू नये, कारण दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते आणि नवे सीलही जाळून टाकते. त्यानंतर सपाट डोक्याच्या छर्‍यांचे तीन-चार प्रकार थोडे थोडे घेऊन प्रत्येकाचे गट झाडून पाहावेत. डोक्याच्या व्यासात 4.49 आणि 4.50 मिलिमीटर इतकाच फरक असलेले दोन डबे एकाच नळीतून वेगळे गट देतात, असे वारंवार दिसते.

एका वेळी एकच बदल करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पूर्वी मी एका जुन्या पिस्तुलाचे सील, साइट आणि छर्रे एकाच आठवड्यात बदलले होते. गट आणखी बिघडले आणि त्याला कोणता बदल कारण झाला हे शोधण्यात माझा संपूर्ण पावसाळा गेला.

चापाविषयी. नियमानुसार त्याने किमान 500 ग्रॅम वजन पेलले पाहिजे. तपासणीच्या वेळी नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात, त्यामुळे ही तपासणी रेंजवर, जाणकारासमोरच करावी. फाइनवेर्कबाउ 65 मध्ये चाप 500 वरून 1360 ग्रॅमवर नेणारी एक कळ असते. तुमच्या मुलीला चाप अचानक जड लागतो, तेव्हा ती कळ कोणाकडून तरी फिरवली गेली नाही ना, हे आधी पाहा. कळ जागेवर असूनही फरक पडत असेल तर वाळलेले जुने ग्रीस हे कारण असू शकते. चापाच्या आतली एकमेकांत अडकणारी पोलादी टोके घासून गुळगुळीत करण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नका. त्या टोकांवरचा कठीण थर अतिशय पातळ असतो, आणि तो गेला की पिस्तूल भरतानाच सुटण्याचा धोका निर्माण होतो. छर्रा भरताना मुलीने स्प्रिंग दाबण्याची बाजूची तरफ दुसर्‍या हाताने घट्ट धरून ठेवावी, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न: जुन्या पिस्तुलाची लाकडी मूठ माझ्या हातात फिरते. एम-सील लावून ती हाताला जुळवली, तर स्पर्धेत पंच आक्षेप घेतील का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: मूठ हाताला जुळवून घेण्यास मनाई नाही, आणि माझ्या मते जुन्या पिस्तुलावर केलेल्या सर्व कामांत हेच सर्वांत जास्त फळ देते. तीन बंधने लक्षात ठेवावीत. संपूर्ण पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, त्याचे वजन 1500 ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि मुठीच्या कोणत्याही भागाने मनगटाला आधार देता कामा नये. लोक अडखळतात ते 50 मिलिमीटरच्या रुंदीवर, कारण तळव्याखालची फळी आणि अंगठ्याची बैठक दोन्ही बाजूंना वाढत जातात.

आधी लाकूड काढावे, मग भर घालावी. तळहाताला थोडी काजळी लावून मूठ धरली की कोठे टोचते ते डागांवरून कळते. तेथे अर्धगोल कानशीने थोडेथोडे घासावे. जेथे पोकळी उरते तेथे एम-सीलचा पातळ थर द्यावा आणि तो ओला असताना त्यावर पातळ प्लॅस्टिक ठेवून, नेम धरताना धरतो तशीच मूठ धरावी. थर वाळल्यावर डोळे मिटून हात उचलावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची माशी मागच्या खाचेच्या मध्यभागी आपोआप आलेली दिसली तर मूठ जमली. ती सतत एकाच बाजूला दिसत असेल तर साइटला हात न लावता मूठच पुन्हा घासावी. कोकणच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते, त्यामुळे शेवटची घासणी दिवाळीनंतर केलेली बरी. पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो.

प्रश्न: दाबहवेचे एक जुने पिस्तूल स्वस्तात मिळत आहे. ते उत्तम चालते असे विकणारे सांगतात. घ्यावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: पिस्तूल पाहण्याआधी त्याच्या हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख पाहा. या नळकांड्यांना उत्पादक सामान्यतः 10 वर्षांची मुदत देतात आणि मुदत उलटलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही. त्यात सुमारे 200 बार दाबाची हवा चेहर्‍याजवळ धरलेली असते, त्यामुळे ही अट केवळ कागदोपत्री मानू नये. मुदत संपली असेल तर नव्या नळकांड्याची किंमत आधी विचारून घ्या आणि ती पिस्तुलाच्या किमतीत मिळवूनच सौदा ठरवा; नळकांड्याचे आटे प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्यामुळे दुसर्‍या पिस्तुलाचे नळकांडे बसेल असे गृहीत धरू नका. मुदत शिल्लक असेल तर दाबमापकाचा आकडा लिहून ठेवा आणि दुसर्‍या दिवशी पुन्हा पाहा. काटा खाली आला असेल, तर सील बदलून मिळेपर्यंत पैसे देऊ नका.