कॅल्क्युलेटरमध्ये न भरलेली गोळी

प्रश्न : माझं वय ६७. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून दोन वर्षांपासून टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी रोज रात्री घेतो. परवा आरोग्य शिबिरात रक्तातला पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन) ५.८ आला. अमेरिकेतल्या मुलाने इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये वय, पीएसए, घराण्यात कुणाला कॅन्सर नाही, गुदद्वारातून बोटाने केलेली प्रोस्टेटची तपासणी नॉर्मल, एवढं भरलं. प्रोस्टेट कॅन्सरची शक्यता ३० टक्के आली. बोटाची तपासणी खरं तर अजून झालेली नाही. सत्तर टक्के काहीच नसणार, तर सहा महिने थांबू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबू नका. येत्या आठवड्यात युरॉलॉजिस्टना भेटा, आणि जाताना त्या गोळीचं पाकीट खिशात असू द्या.

ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे तुमचा ५.८ हा आम्ही ११-१२ च्या आसपास धरतो. गोळी सुरू होण्याआधीचे आणि मधले रिपोर्ट शोधून काढा. गोळी चालू असताना आकडा उतरून पुन्हा चढू लागला असेल, तर ते मला ५.८ पेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटतं. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरं, न केलेली तपासणी ‘नॉर्मल’ म्हणून भरली गेली. मुलाने काळजीपोटीच भरलं असणार. पण गाठ हाताला लागते की नाही, यावर उत्तर बरंच बदलतं. एका मिनिटाची तपासणी आहे, संकोच नको.

आता त्या ३० टक्क्यांविषयी. या प्रकारचं एक प्रसिद्ध कॅल्क्युलेटर २००६ साली अमेरिकेतल्या ‘प्रोस्टेट कॅन्सर प्रिव्हेन्शन ट्रायल’ या औषध-चाचणीच्या माहितीवरून तयार झालं. त्यातले पुरुष ५५ च्या पुढचे, बहुतेक गोरे आणि चाचणीत येताना पीएसए ३ किंवा त्याहून कमी असलेले. बायोप्सीत, म्हणजे कॅन्सर तपासण्यासाठी सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढतात त्यात, तेव्हा साधारण सहा तुकडे घेत. आज बाराच्या आसपास घेतात, आणि आधी एमआरआय करतात. त्या गटावरून निघालेला आकडा सांगलीतल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अशाच दुसऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोस्टेट ग्रंथीचा आकारही विचारतात. ते योग्यच आहे, कारण ग्रंथी मोठी असली की कॅन्सर नसतानाही पीएसए वाढतो. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही वाढतो, म्हणून आधी लघवीची तपासणी करून पीएसए पुन्हा करावा लागेल.

मी स्वतः रुग्णासमोर बसून असं कॅल्क्युलेटर वापरतो. ‘पीएसए चारच्या आत म्हणजे सुटलो’ हा समज त्याने मोडतो. त्याच अमेरिकन चाचणीत पीएसए ४ पर्यंतच असलेल्या २,९५० पुरुषांची बायोप्सी झाली, आणि सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर सापडला. पण एकच टक्केवारी पाहून मी निर्णय घेत नाही. त्यातला आक्रमक कॅन्सर किती आणि संथ किती, हे वेगळं पाहतो. संथ प्रकारात पुष्कळदा लगेच उपचार न करता नियमित लक्ष ठेवणं पुरतं. आक्रमकाची शक्यता दहा टक्के असली, तरी तुमच्यासारख्या चालत्याफिरत्या माणसात मी ती सोडून देणार नाही.

बायोप्सी करायची की नाही, हे बोटाची तपासणी, पुन्हा केलेला पीएसए आणि एमआरआय हाती आल्यावर ठरवा. मुलाला त्या दिवशी फोनवर घ्या, आणि कॅल्क्युलेटर डॉक्टरांसमोरच नव्याने भरा.