नकाराला कागद हवा

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या कार्यालयात मदतीसाठी तीन अर्ज, तिघंही पात्र, पैसे एकापुरते. कुणाला द्यायचे, असं विचारतेस. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आहे म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहा. मी दुसरंच सांगणार आहे. ज्या दोघांना नाही म्हणशील, त्यांचा नकार कागदावर येऊ दे. कारणासकट, तारखेसकट.

एवढंच का, म्हणू नकोस. अनुदान घटलं की बहुतेकदा सरसकट टक्केवारीने कात्री लागते. पगार आणि भाड्याला हात लावता येत नाही, म्हणजे सगळं घरभेटींवर येतं. तासाची भेट पंधरा मिनिटांची होते आणि अहवालात भेटींचा आकडा जसाच्या तसा! मग ‘गरज’च्या जागी ‘तातडीची गरज’ अशी अट येते आणि प्रतीक्षायादी आपोआप आखडते. माणसं तिथेच असतात, त्यांना मोजणं तेवढं थांबलेलं असतं.

मायकल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० मध्येच दाखवून दिलं होतं की धोरण प्रत्यक्षात खिडकीवरचा कर्मचारी घडवतो. म्हणजे तू. तेव्हा ‘वरून आदेश आहे’ हे निदान मला तरी ऐकवू नकोस.

अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं सगळं एकट्याने करणारे एक गृहस्थ माझ्याकडे तीनदा आले होते. आठवड्यातून दोन तास कुणी घरी येऊन बसावं, तेवढीच झोप मिळेल, इतकंच मागणं. तिन्ही वेळा मी पेनाचं टोपण काढत-घालत म्हणालो, "निधी आला की कळवतो." अर्ज घेतलाच नाही, घेतला की प्रलंबित दिसतो ना! वर्षअखेरीस या मदतीचं लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकातलं तिचं खातंच, बंद झालं. शेरा होता, ‘मागणी नाही’. खरंच होतं ते, माझ्या टेबलावर मागणी नव्हतीच. पुढे गृहस्थ घरात पडले, दोघांनाही इस्पितळात हलवावं लागलं. तो खर्च दुसऱ्या खात्याच्या माथी, आमच्याकडे बचत.

तेव्हा माझ्याकडे फायलींचा ढीग होता, हाताखाली कुणी नव्हतं, आणि सगळेच तसं करायचे. हे तुला कशाला सांगतोय? असो.

त्यानंतर मी नकारांची वही घातली. नसती उठाठेव म्हणून मेमो मिळाला, तोही वहीत चिकटवला. वहीमुळे पैसे आले असं सांगायला आवडलं असतं. नाही आले. पण पुढच्या आढाव्यात ‘मागणी नाही’ लिहिता येईना, ‘निधी नाही’ लिहावं लागलं. त्यासाठी मी वर्षभर भांडलो, आजही भांडेन.

लिही, लिही, लिही. कंटाळा आला तरी लिही.

उद्या त्या दोघांना उभ्याउभ्या सांगू नकोस. बसव. अर्ज घे, पोच दे, दाद कुठे मागायची तेही त्याच कागदावर दे. आणि तिसऱ्यासाठी ज्यांचे फोन येतायत म्हणालीस, त्या फोनांचीही नोंद कर.