भांडवल किती लागेल? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे. दीडशे चौरस फुटांचा गाळा पाहिला आहे. भाडं १५,००० आणि अनामत ६०,००० सांगतात. शेगड्या, तवे, कणीक मळायचं यंत्र, फ्रिज, स्टीलची टेबलं यांचं कोटेशन १,४०,००० आलं आहे. हातात ३ लाख आहेत. पुरतील ना?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : या बेतात पुरणार नाहीत. सुमारे ९५ हजार कमी पडतील. कुठे, ते बघू. पत्रात न दिलेले आकडे आम्ही अंदाजाने धरले आहेत. तिथे तुमच्या भागातले भाव घाला.

आधी कोटेशन. त्याच्या तळाशी 'जीएसटी वेगळा' असं लिहिलं आहे का बघा. बहुतेक यंत्रांवर तो १८ टक्के असतो, म्हणजे २५,२०० वाढले. केंद्राची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्ही जीएसटी नोंदणी करणार नाही, आणि नोंदणी नाही तर भरलेला कर वळताही होत नाही. तो पूर्ण खर्चच धरायचा. यंत्रं : १,६५,२००.

अनामत ६०,०००. दलाली एक महिन्याचं भाडं, १५,०००. गाळा ताब्यात आल्यापासून शटर उघडेपर्यंत महिना जातो, त्याचं भाडं १५,०००. भाडेकरार नोंदवावाच लागतो. मुद्रांक आणि नोंदणी फी मिळून दीड हजार धरा. मग ओटा, शेगडीमागच्या टाइल्स, धूर बाहेर नेणारा पंखा आणि त्याचा डक्ट, सिंकचं सांडपाणी, वायरिंग : ४०,०००. या ओळीत काटकसर करू नका. डक्ट नसला की धूर वरच्या मजल्यावर जातो, तक्रार होते आणि पहिल्याच महिन्यात गाळा बंद ठेवायची वेळ येते. १९ किलोच्या दोन व्यावसायिक सिलिंडरची अनामत, रेग्युलेटर आणि पाइप १०,००० (घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे). पाटी आणि पॅकिंग १०,०००. पहिला किराणा १२,०००. इथवर ३,२८,७०० झाले. शटर उघडायच्या आधीच तुमचे ३ लाख संपले.

आता जो आकडा कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो तो, म्हणजे पहिल्या महिन्यांची तूट, काढू. एक किलो कणकेच्या साधारण ३८ पोळ्या होतात. कणीक ४० रुपये किलो धरली तर पोळीला १ रुपया ५ पैसे. तेल २५ पैसे, गॅस ३० पैसे, कागद-पिशवी ३० पैसे, लाटणाऱ्या बाईंची मजुरी २ रुपये. बेरीज ३ रुपये ९० पैसे; ४ रुपये धरू. ८ रुपयांना विकली तर पोळीमागे ४ रुपये सुटतात. पाव किलो भाजी ५० रुपयांना दिली आणि भाजीपाला, तेल-मसाला, गॅस, डबा मिळून २८ खर्च आला, तर २२ सुटतात.

महिन्याचा ठरलेला खर्च असा : भाडं १५,०००, मदतनीस १२,०००, वीज ३,०००, सफाई-दुरुस्ती-पाणी ३,०००, आणि घरखर्चाला तुम्ही उचलाल ते १५,०००. एकूण ४८,०००. रोज २०० पोळ्या आणि ५० भाज्या गेल्या तर १,९०० सुटतात. २६ दिवसांचे ४९,४००. म्हणजे हा आकडा गाठल्यावर केंद्र जेमतेम स्वतःच्या पायावर उभं राहतं. पोळी मागणीप्रमाणे लाटता येते, भाजी सकाळीच होऊन बसते. रोज पाच भाज्या उरल्या तर १४० रुपये गेले, ते भरून काढायला ३५ पोळ्या जास्त विकाव्या लागतात. म्हणून सुरुवातीला दोनच भाज्या करा, आणि दुसरी अर्ध्या मापाने.

पहिल्या दिवसापासून २०० पोळ्या जात नाहीत. पहिल्या महिन्यात तिसरा हिस्सा, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात पाऊण खप धरा. तूट अनुक्रमे साडेएकतीस, सव्वातेवीस आणि अकरा हजारांच्या आसपास, मिळून ६६,०००. ही रक्कम बाजूला नसेल तर दुसऱ्या महिन्यात किराणा उधारीवर येतो, तेल हलकं घेतलं जातं, पोळी वातड होते आणि आलेलं गिऱ्हाईक तुटतं. बंद पडलेल्या अनेक केंद्रांत यंत्रं शेवटपर्यंत नवीकोरी असतात, ती यामुळे. एकूण गरज ३,९४,७००.

कमी कुठे करता येईल? कणीक मळायचं यंत्र आता घेऊ नका. २०० पोळ्यांना सव्वापाच किलो कणीक लागते. दोन घाण्यांत ती हाताने मळून होते. कोटेशनमध्ये यंत्र ३० हजारांचं असेल तर करासह ३५,४०० वाचले. फ्रिज वापरलेला घ्या, पण चार तास चालवून बघून, १५,००० वाचतील. अनामत तीन भाड्यांवर आणा (१५,०००) आणि फिटिंगच्या काळाचं अर्धं भाडं सोडायला सांगा (७,५००). गाळा काही महिने रिकामा असेल तर मालक हे ऐकतात. आता गरज ३,२१,८०० वर आली. घरात दुसरी मिळकत असेल आणि तीन महिने तुम्ही काही उचललं नाही तर २,७६,८००. उरलेले तेवीस हजार अडीअडचणीला ठेवा. दुसरी मिळकत नसेल तर मात्र आत्ता करारावर सही करू नका. आधी घरून ओळखीच्या डब्यांच्या ऑर्डरी घ्या, नाहीतर खेळत्या भांडवलासाठी (रोजच्या माल-खर्चाला लागणाऱ्या पैशासाठी) मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशू कर्ज मिळतंय का ते बँकेत विचारा.

प्रश्न : महिन्याला ५० किलो कांदा-लसूण मसाला करून किराणा दुकानांना द्यायचा विचार आहे. मसाला कांडायचं यंत्र, म्हणजे डंका, विकत घ्यावा का, आणि सुरुवातीला किती पैसे अडकतील?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : डंका घेऊ नका. कांडपाला किलोमागे ४० रुपये दिले तरी महिन्याला २,००० होतात, वर्षाला २४,०००. डंका, त्याचा चौथरा, थ्री-फेज जोडणी आणि तिची अनामत यांत गुंतलेला पैसा एवढ्याशा मालावर बरीच वर्षं सुटणार नाही. महिन्याला दोनशे किलोंच्या पुढे गेलात की पुन्हा हिशेब करा. कांडपाला मात्र स्वतः उभ्या राहा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्याचा अंश डंक्यात राहतो. पहिला अर्धा किलो वेगळा काढायचा.

तुमचा पैसा अडकेल मिरचीत आणि उधारीत. मिरची फेब्रुवारी ते मे या काळात भरतात. वर्षाच्या ६०० किलो मसाल्याला निम्मी मिरची धरली तर ३०० किलो; २२० रुपये भावाने एका झटक्यात ६६,०००. पहिल्या वर्षी तेवढी भरू नका. चार महिन्यांची, म्हणजे १०० किलो, २२,००० रुपयांची घ्या. पुढे भाव चढला तर किलोमागे थोडे जास्त जातील, पण पावसाळ्यात दमट होऊन बुरशी आलेलं पोतं त्याहून महाग पडतं. घेतल्यावर एक पोतं तोला, देठ काढून उन्हं दिल्यावर पुन्हा तोला. जी घट निघेल ती भावात चढवा. हा आकडा सोडला की नफा कागदावरच राहतो.

दुकानदार तीस दिवसांची उधारी म्हणतो आणि पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे देतो. तोवर ७५ किलो माल बाहेर असतो. किलोला २६० रुपये खर्च धरला तर १९,५०० तिथे अडकले. तेव्हा मिरचीव्यतिरिक्त कांदा, लसूण, खोबरं, तीळ, गरम मसाला, पॅकिंग यांच्यासाठी दोन महिन्यांचे किमान १५,००० हाताशी हवेत. शिवाय शंभरातली तीन-चार पाकिटं परत येतील असं धरूनच भाव ठरवा. कांदा कच्चट राहिला तर हे प्रमाण पुष्कळ वाढतं. तो कुरकुरीत होईपर्यंत परतून पूर्ण गार केल्याशिवाय कांडपाला नेऊ नका.

लेबलं पहिल्या खेपेला पाचशेच छापा. वजन, किंमत, बॅच, पत्ता यातलं काहीतरी बदलतंच, आणि पाच हजार छापलेली लेबलं रद्दीत जातात.

प्रश्न : पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला ३५ टक्के अनुदान आहे. ५ लाखांच्या प्रकल्पाला १,७५,००० मिळतील. त्यातूनच गाळ्याचं काम करून घेऊ का?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : नाही. अनुदान तुमच्या हातात येत नाही. तुम्ही ५ टक्के, म्हणजे २५,००० भरायचे. बाकीचे ४,७५,००० बँक देते. अनुदानाचे १,७५,००० बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत राहतात. त्या ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची तपासणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच उद्योग बंद केला तर ते गमवाल.

यंत्राचे पैसे बँक सहसा थेट विक्रेत्याला देते. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. योजना नव्या उद्योगासाठीच आहे, म्हणून मंजुरीआधी यंत्र आणून बसवू नका. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल लिहायला विसरू नका. यंत्रांचीच रक्कम मागितली तर कच्च्या मालासाठी पुन्हा बँकेच्या दारात जावं लागतं. टक्केवारी आणि मुदत बदलत असते, अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात ताजं परिपत्रक बघा.

प्रश्न : लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीसाठी एकाने अडीच हजार मागितले. रास्त आहेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. आधार आणि पॅन जवळ असले की मोबाइलवरूनही होते. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. खाद्यपदार्थ करणार असाल तर उलाढालीप्रमाणे नोंदणी लागेल की परवाना, ते अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावर तपासून मगच फी भरा. वजनकाटा घेताना वैधमापन खात्याचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) चालू वर्षाचा शिक्का बघून घ्या, आणि दरवर्षीच्या पडताळणीचा खर्च वार्षिक खर्चात लिहा.