आपले शत्रू कोण?

लाडक्या मनू,

रविवारी फोनवर आजीची प्रार्थना संपायच्या आत तू माझ्या कानात विचारलंस, "आई, आपले एवढे शत्रू कोण आहेत?" मी डोळे वटारले. चुकलंच माझं. हे मी लहानपणी विचारायला हवं होतं.

आजीचं ते वचन बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातलं, 54:17. तुझ्यावर चालवायला घडवलेलं कुठलंच हत्यार चालणार नाही, तुझ्यावर आरोप करणारी जीभ तूच खोटी पाडशील. दिवे लागले की ती ते म्हणायची आणि आम्ही भावंडं पेंगत 'आमेन' म्हणायचो. मला शत्रूच नव्हता, म्हणून मी मनात गणिताच्या बाईंना उभं करायचे. (बाईंचं काही बिघडलं नाही. माझे गुणही वाढले नाहीत.)

आजीचा शत्रू कोण, ते मला बाराव्या वर्षी शालूमावशीने सांगितलं. मोठे आजोबा. अप्पांचे सख्खे थोरले भाऊ, वाटणीवरून कोर्टात गेलेले. मी आजीला म्हटलं, मग त्यांचं नाव घेऊन का मागत नाहीस? ती म्हणाली, "वचनात हत्यार आहे, जीभ आहे. माणूस कुठंय?" खरंच नाहीये. उलट आधीच्याच ओळीत देव म्हणतो, निखारे फुंकून हत्यार घडवणारा लोहारही मीच निर्माण केलाय.

आणि मग आपण खटला हरलो. आरोप करणारी जीभ खरी ठरली, निदान कागदोपत्री. त्या संध्याकाळीही आजीने तेच वचन म्हटलं. मी मात्र आमेन म्हटलं नाही.

इकडे आल्यावर कधीतरी तो अख्खा अध्याय वाचला. ज्या यरुशलेम नगरीला हे सांगितलंय, ती बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने इ.स.पू. 586 च्या सुमारास जाळली होती, माणसं धरून नेली होती. म्हणजे हत्यार चालून गेल्यावरचा हा धीर! त्यात देव कबूलही करतो, क्षणभर मी तुला टाकलं होतं. हे वाचल्यापासून ते वचन मला जवळचं वाटतं. पटतं, असं नाही म्हणणार.

तू ते पाठ कर असं माझं म्हणणं नाही. आमेनचंही तूच ठरव. फक्त पुढच्या रविवारी हाच प्रश्न आजीला विचार, माझ्या कानात नको. मोठ्या आजोबांचं नाव ती काढते का, मलाही ऐकायचंय.

तुझी,
आई