बिअरला केळ्याचा वास का येतो, आणि वाचकांच्या इतर शंका

मागच्या अंकात स्थानिक ब्रुअरींच्या क्राफ्ट बिअरवर चार ओळी लिहिल्या, तर पत्रं इतकी आली की संपादकांनी या वेळचा सगळा रकाना त्यालाच देऊन टाकला. नव्या वाचकांसाठी सांगतो: माझी नोकरी संभाजीनगरकडच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, चव आणि वास तपासण्याच्या टेबलावर. आता मुक्काम भुसावळ. वय २१ पूर्ण आहे, परवाना खिशात आहे आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हातात आहे, एवढं धरूनच पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : नाना, आम्ही रावेरचे केळीवाले. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, त्यानं मुंढव्याला एका ब्रुअरीत नेलं. गव्हाची बिअर तोंडाजवळ नेली तर थेट पिकल्या केळ्याचा वास! पुतण्या म्हणतो इसेन्स टाकतात. टाकतच असतील तर आमचा माल का घेत नाहीत? (एक केळी उत्पादक, रावेर)

भाऊ, सौद्याची घाई करू नका. त्या बिअरमध्ये केळं नाही, केळ्याची साल नाही आणि इसेन्सही नाही. वास मात्र शंभर टक्के खरा. पिकल्या केळ्याच्या वासातला मुख्य घटक म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट. जर्मनीतल्या बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला जे यीस्ट वापरतात, ते आंबवताना हेच रसायन आपलं आपण तयार करतं. तुमचा माल तर हिरवाच सावदा-रावेरहून रेल्वेनं दिल्लीकडे जातो, शेतात हा वास कुठून येणार? पण रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यावर जो भपकारा अंगावर येतो ना, तोच हा.

त्याच यीस्टची दुसरी करामत म्हणजे लवंगेचा वास. पुढच्या वेळी पेला हातात आला की आधी पिऊ नका, फेस बसायच्या आत हुंगा. पहिल्या हुंगण्यात केळं येईल. थोडं थांबून परत हुंगलं की मागून लवंग येते. कमी तापमानाला आंबवलं तर साधारणपणे लवंग पुढे राहते, तापमान चढू दिलं की केळं वरचढ होतं. म्हणून दोन ब्रुअरींच्या गव्हाच्या बिअर शेजारी ठेवल्या तर ब्रुअरचा हात ओळखता येतो. नुसतं केळंच केळं लागलं आणि बाकी काही हाती आलं नाही, तर टाकी जरा गरम गेली असं मी म्हणेन. माझ्या पसंतीची ती, जिच्यात दोघं सारखी भांडतात.

आणखी एक घोटाळा टाळा. ‘व्हीट बिअर’, म्हणजे गव्हाची बिअर, एवढंच लिहिलेलं असलं की ती बव्हेरियन असेलच असं नाही. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घालतात. तिथे पुतण्याची शंका चालली असती. बव्हेरियात मात्र १५१६ च्या नियमानं बिअरसाठी जव, पाणी आणि हॉप्स (कडवटपणा आणणारी एका वेलीची फुलं) एवढ्यालाच परवानगी होती. गहूसुद्धा त्यात बसत नव्हता. पण पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क राजघराण्यानं स्वतःकडे ठेवून घेतला आणि त्यावर बक्कळ कमाई केली. राज्य कोणाचंही असो, नियमाला अपवाद कोणासाठी होतो ते आपल्याला ठाऊक आहेच.

प्रश्न : नाना, बरं शे ना? आम्ही चौघं मित्र. दिवाळीला कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून वेगवेगळ्या ब्रुअरींचे कॅन आणतो. मग वाद. ज्यानं जी आणली ती त्याला भारी. याचा निकाल कसा लावायचा? (चौघांपैकी एक, धुळे)

बरं शे, बापू. निकाल लावायचा तर डबे लपवा. पाचवा माणूस आत बसवा, त्यानं ओतायचं, पेल्यांखाली आकड्यांच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि बाहेर आणून द्यायचे. नाव आणि किंमत झाकली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

एका बैठकीला चार प्रकार पुरेत आणि प्रत्येकाला अर्धी वाटी. त्याच्या पुढे जीभ नुसती होकार देत बसते. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी लागर (नेहमीची हलकी, पिवळी), मग गव्हाची, मग आयपीए (भरपूर हॉप्सची, कडवट), शेवटी स्टाऊट (काळी, भाजक्या धान्याची). आयपीए आधी घेतली तर तिच्या कडवटपणानं पुढची प्रत्येक बिअर पाणी वाटते. तुलना मात्र एकाच प्रकारात करा. एकाची लागर आणि दुसऱ्याची स्टाऊट समोरासमोर ठेवून ‘भारी कोणती’ विचारायला अर्थ नाही. बिअर तोंडात फिरवून थुंकूही नका. कडवटपणा गिळल्यावर मागे किती रेंगाळतो, तेच तर बघायचं असतं.

एका प्रकारातल्या सगळ्यांना तापमान सारखं ठेवा. फ्रीजरमधली बर्फगार बिअर कोणतीही असो, सारखीच लागते, कारण थंडीनं वास दबतो. लागर ५-६ अंशांवर चालते, एल (लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) आणि स्टाऊट १० च्या आसपास खुलतात. धुळ्याच्या हवेत फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं टेबलावर ठेवली की काम होतं. उन्हाळ्यात त्याहून कमी.

आता पेला. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण घराघरात इथेच घोडं पेंड खातं. स्टीलचा पेला नको, काचेचाच हवा. आणि ज्या घासणीनं शेवभाजीची कढई घासली, तिनं तो घासायचा नाही. तेलाचा नुसता अंश राहिला तरी फेस धरत नाही. साबण राहिला तरी तेच. बिअर ओतताना काचेच्या आतल्या अंगाला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर पेला घाण आहे असं खुशाल समजा. आधीच पाहायचं असेल तर धुतलेला पेला ओला असतानाच आतून बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर ते सारखं चिकटतं, तेलकट जागेवरून घसरतं. मग खळखळून धुवा आणि उपडा घालून निथळू द्या, कापडानं पुसू नका. अशा पेल्यात पिताना प्रत्येक घोटाला फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं. ती कडी मोजली तर किती घोटात पेला संपला तेही कळतं.

मध्ये तोंड धुवायला पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. शेव, चिवडा, तिखट शेंगदाणे निकाल लागल्यावर.

चौघांतला जो सर्वांत जास्त हुशारी करतो त्याच्यासाठी आमच्या टेबलावरची एक परीक्षा सांगतो. तीन पेले द्यायचे, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळख म्हणायचं. ओळखता आलं नाही तर ‘जमीन-अस्मानाचा फरक आहे’ हे वाक्य त्यानं वर्षभर वापरायचं नाही.

प्रश्न : क्राफ्ट बिअरची महागडी बाटली मे महिन्यात इथल्याच एका दुकानातून घेतली. चव अशी की ओला पुठ्ठा चघळतोय. दुकानदार म्हणाला, ‘क्राफ्ट अशीच असते, सवय लागते.’ खरं का? (एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

साफ खोटं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे जुनी झालेली, हवा आणि उष्णतेनं मेलेली बिअर. तिची सवय लावून घ्यायची गरज नाही.

बिअरवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे, तीन-तीस-तीनशे. साधारण ३२ अंशांवर ३ दिवसांत बिअर जितकी शिळी होते, तितकी व्हायला २२ अंशांवर ३० दिवस लागतात आणि फ्रीजमध्ये ३ अंशांवर ३०० दिवस. हे पंचांग नव्हे, बिअरप्रमाणे मागेपुढे होतं, पण मेमध्ये पारा ४५ ला टेकणाऱ्या गावात ते भिंतीवर लिहून ठेवावं. बाटली गोदामात किती दिवस, टेम्पोत किती तास आणि दुकानाच्या वरच्या फळीवर किती आठवडे होती, यावर चव ठरते. म्हणून माझा क्रम असा: आधी तारीख, मग ती फ्रीजमधून काढून दिली की फळीवरून, आणि नाव सगळ्यात शेवटी. चांगल्या ब्रुअरीची आठ महिने तापलेली आयपीए आणि साध्या कंपनीची पंधरा दिवसांची ताजी लागर यांत मी डोळे मिटून लागर उचलतो. आयपीएचं तर विशेषच. तिचा हॉप्सचा वास सर्वांत आधी उडतो. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर घ्या. जास्त अल्कोहोलची काळी स्टाऊट त्या मानानं टिकते.

बाटली हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची असेल तर आणखी एक भीती. उजेडानं हॉप्समधले घटक फुटतात आणि गंधकाचा उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, कॅन पूर्ण अडवतो. ‘कॅनमधली बिअर हलक्या दर्जाची’ ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे.

बाकी दोषही ओळखून ठेवा. लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास: हे बहुतेक वेळा ब्रुअरीतच राहिलेले दोष असतात, त्यात दुकानदाराचा काही गुन्हा नाही. पुठ्ठा मात्र वाटेत आणि फळीवर तयार होतो. पुण्याच्या ब्रुअरीतून ग्रोलर, म्हणजे बिअर घरी न्यायची मोठी बाटली, भरून आणणाऱ्यांनाही तेच सांगणं. ती ताजी, न तापवलेली बिअर असते. रात्रभर बसच्या डिकीत उकडून जळगावला उतरवली तर तिच्यात उरतं काय? तिथेच प्या आणि हात हलवत परत या.

प्रश्न : स्ट्राँग घेतली तर पैसे वसूल होतात. क्राफ्टवाले पाच टक्के अल्कोहोलच्या बिअरचे एवढे पैसे का घेतात? (पारोळा)

टक्केच मोजायचे असतील तर हा रकाना तुमच्यासाठी नाही, भाऊ. राग मानू नका.

प्रश्न : मला बिअरचा कडूपणा आवडत नाही. घरातले म्हणतात, कडू नको तर पिऊच नको. माझ्यासारखीनं सुरुवात कशानं करावी? (एक शिक्षिका, जळगाव)

ताई, घरातल्यांना सांगा, कडूपणा हा बिअरचा एक गुण आहे, प्रवेश परीक्षा नव्हे. तो हॉप्समधून येतो आणि आयबीयू या मापात सांगतात. अनेक ब्रुअरींच्या मेनूवर हा आकडा छापलेला असतो. १५ च्या आतली मागा. गव्हाची बिअर बहुधा त्यातच बसते. आंबट बिअरही असतात. जर्मनीतली गोझं तर किंचित मीठ आणि धणे घालून करतात. कैरीचं पन्हं आवडणाऱ्याला ती पहिल्या घोटात पटते. बिअरच नको असेल तर २००९ मध्ये पुण्यात राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढणाऱ्या डूलालीकडे सफरचंदाची सायडर मिळते. मूनशाइनवाले पुण्यातच मधापासून मीड करतात. आणि काहीच नको वाटलं तर तेही चांगलंच. न आवडणारी गोष्ट शिकून घ्यायला हा काही पाढा नाही.

प्रश्न : भरीत-भाकरी आणि शेवभाजीबरोबर कोणती? (एक खवय्या, यावल)

दोघांना एकच उत्तर नाही. शेवभाजीबरोबर आयपीए घेऊ नका. मिरचीची आग, हॉप्सचा कडवटपणा आणि वायूचे काटे एकमेकांना चढवतात, नाकाडोळ्यांतून पाणी येईल. तिथे गव्हाची, किंवा माल्टचा (मोड आणून सुकवलेल्या धान्याचा) गोडसरपणा असलेली तांबूस एल.

भरिताचं मात्र निराळं. तुमच्या बामणोदकडची वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेली असतील, तर त्या धुराला भाजक्या माल्टची काळसर बिअर, पोर्टर, जुळते. जर्मनीत बामबेर्ग गावी बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट सुकवून धुरकट बिअर करतात. ती कधी हाती लागली तर भरितासाठी राखून ठेवा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला पाणी पुरे.

प्रश्न : आमच्या भागात दादर ज्वारी होते, मोहही आहे. यांची क्राफ्ट बिअर होईल का? (एक कृषी पदवीधर, शहादा)

मोह सोडा, त्याची फुलं आंबवून ऊर्ध्वपातन करतात, ती बिअर नव्हेच. ज्वारीचं मात्र होतं, आणि मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या आयातीवर बंदी घातली आणि तिथल्या बड्या ब्रुअरींना ज्वारी-मक्यावर यावं लागलं. दक्षिण आफ्रिकेत मका आणि ज्वारीची उम्कोंबोथी घरोघर होते. ती दाट, आंबूस, गढूळ असते आणि ताजीच पितात.

अडचणी तीन. ज्वारीचं पिठूळ (स्टार्च) फुगायला जवापेक्षा जास्त तापमान लागतं. मोड आणल्यावर तिच्यात साखर करणारी विकरं जवापेक्षा कमी निघतात, म्हणून बाहेरून विकरं घालतात किंवा जवाचं माल्ट मिसळतात. तिसरी गोष्ट जवाच्या दाण्याला चिकटलेल्या तुसाची. रस गाळताना त्या तुसाचाच थर चाळणीचं काम करतो, आणि ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळे सगळा लगदा बसून जातो. फायद्याची बाजूही आहे. जवाला मोड आणायला थंड खोली लागते, ज्वारीला २५ ते ३० अंश मानवतात, म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यातही फार खटपट नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, तोही एक ग्राहक आहे. दादरची चव माल्टमध्ये कितपत उतरते, हे एखाद्या ब्रुअरनं करून पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.

घरी मात्र उद्योग करू नका, त्याला परवाना लागतो. पुण्यातल्या एखाद्या ब्रुअरशी बोला, दोन पोती स्वच्छ, एकसारखी उगवणारी, चालू हंगामाची दादर द्या. गाळणीसाठी भाताचं तूस मिसळायला सांगा, त्यानं थर मोकळा राहतो. ते तूस नवापूरकडच्या भातगिरणीत मागाल तेवढं मिळेल.