आधी कंबर, मग परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. सात वर्षं बॅले शिकते. दर रविवारी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला क्लासला जाते. दोन महिन्यांपासून तिची कंबर दुखते, मागे वाकली की जास्त. हल्ली चप्पल घालतानाही दाराची चौकट धरते. क्लासचे सर म्हणतात स्ट्रेचिंग वाढव, सासूबाई म्हणतात उसण भरली आहे, शेक दे. फेब्रुवारीत ग्रेडची परीक्षा आहे आणि तिला यातच करिअर करायचं आहे. बॅले सोडायला लावू का?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, सोडायला लावू नका. पण या आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि ते तपासेपर्यंत मागे वाकणं आणि उड्या पूर्ण बंद.

चौकट धरण्याचं तुम्ही लिहिलंत, तिथेच मी थांबले. उसण चार-आठ दिवसांत उतरते. वाढत्या वयाच्या नर्तिकेची कंबर दोन महिने दुखते आणि मागे वाकल्यावर कळ येते, तेव्हा मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणाने तडा गेला आहे का, हे पाहावंच लागतं. अरेबेस्कमध्ये धड ताठ ठेवून एक पाय मागे उंच जातो. तो सगळा बाक कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर येतो, आणि हे आठवड्यातून शेकडो वेळा. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा तडा अनेकदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून लगेच सरावाला पाठवू नका, एमआरआयची गरज आहे का ते विचारा. पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर उद्यावर ढकलू नका. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

दारामागच्या उंचीच्या खुणा बघा. वर्षभरात ती झपाट्याने वाढली असेल तर हाडं पुढे गेली आणि स्नायू मागे राहिले, असं झालेलं असतं. अशा वेळी जोर लावून स्ट्रेचिंग केलं तर दुखणं वाढतं. पावलं बाहेर वळवण्याचंही तेच. ते वळण खुब्यातून यायला हवं. खुबा जेवढा वळतो त्यापुढे पावलं रेटली की मुली ओटीपोट पुढे काढतात आणि कंबर आणखी वाकते. हे सरांशी मोकळेपणाने बोला.

एक नाजूक गोष्टही विचारते. पाळी नियमित आहे ना? डब्यातली पोळी परत येते का? बारीक राहण्यासाठी अर्धपोटी नाचणाऱ्या मुलींची हाडं कमजोर होतात. हे तिला आईनेच जवळ घेऊन विचारावं.

तडा निघालाच तरी बहुतेक मुलींना ऑपरेशन लागत नाही. वाकण्या-उड्यांपासून साधारण तीन महिने विश्रांती, मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पोट आणि पाठीचे व्यायाम करत हळूहळू परतायचं. वेगवान गोलंदाजांनाही हे दुखणं होतं. बुमराहला 2019 मध्ये कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने बाहेर बसवलं, पाठीच्या दुखण्याने 2022 चा टी-20 विश्वचषकही गेला. 2023 मध्ये ऑपरेशन करून तो परतला आणि 2024 च्या विश्वचषकात मालिकावीर ठरला. लेकीला हे जरूर सांगा.

फेब्रुवारीची परीक्षा गेली तर जाऊ द्या. पुढच्या वेळी देता येते. अमीरुद्दीन शाह हा मुंबईचा मुलगा तर उशिरा बॅलेकडे वळला आणि 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. एक सत्र चुकल्याने वाट बंद होत नाही, दुखणं लपवून नाचल्याने होऊ शकते. मुलं ते लपवतात, कारण आपला रोल दुसऱ्याला जाईल ही भीती असते. तिला एवढंच सांगा की दुखतंय म्हटल्यावर घरात कुणी ‘मग सोड’ म्हणणार नाही.

करिअरचा निर्णय आत्ता, दुखत्या कमरेवर घेऊ नका. दहावीनंतर तिने जीवशास्त्र ठेवलं तर फिजिओथेरपीचा मार्ग खुला राहतो. नाचणाऱ्यांचं शरीर आतून ओळखणारे फिजिओ आपल्याकडे फार थोडे आहेत, त्यामुळे तिची सात वर्षं तिथेही कामी येतील. पण तिचं मन नाचण्यातच असेल तर मी दुसरीकडे ढकलणार नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर महिन्यातला एखादा रविवार क्लासला जाऊ द्या, नुसतं बसून बघायला. वही सोबत द्या. रिपोर्ट हातात आला की मला पुन्हा लिहा, शाळा आणि सराव यांचं वेळापत्रक आपण तिघी मिळून बसवू.