केमोथेरपी घराजवळच्या केंद्रात घ्यावी का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात झाली. केमोथेरपीचे डोस घराजवळच्या छोट्या केंद्रात घेतले तरी चालतील, असे त्या मोठ्या रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी सांगितले आहे. नातेवाइकांचे म्हणणे मात्र असे की, छोट्या ठिकाणी औषध ‘हलके’ देतात. आम्ही काय करावे?

उत्तर : केमोथेरपीत हलके आणि भारी असे दोन प्रकार ठिकाणानुसार ठरत नाहीत. कोणती औषधे, किती दिवसांच्या अंतराने आणि किती वेळा द्यायची याचा आराखडा आजाराचा प्रकार आणि टप्पा पाहून ठरतो, तर बहुतेक औषधांची मात्रा रुग्णाची उंची आणि वजन यांवरून काढली जाते. स्तनाच्या कर्करोगासाठी नेहमी वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल ही औषधे जगभर डे-केअरमध्येच दिली जातात. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येते. ज्या रुग्णालयाने आजार तपासला आहे, तिथल्याच डॉक्टरांनी हा मार्ग सुचवला असेल, तर तो निःशंकपणे स्वीकारावा असे माझे मत आहे. प्रवासाने थकलेला रुग्ण डोस चुकवतो किंवा पुढे ढकलतो, आणि हे नुकसान ‘मोठ्या नावा’ने भरून निघत नाही.

केंद्र मात्र पारखून घ्यावे. औषध तयार करण्यासाठी वेगळी, बंदिस्त जागा आहे का आणि सलाईन लावण्यापूर्वी दोन प्रशिक्षित परिचारिका रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा मोठ्याने वाचून पडताळतात का, हे पाहावे. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते आणि ते शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूची त्वचा व स्नायू जळून निघतात. म्हणून चांगली परिचारिका ते देताना हाताजवळून हलत नाही. मधूनमधून सुई शिरेतच आहे याची रक्त ओढून खात्री करते आणि ‘इथे चुरचुरते आहे का’ असे पुन्हा पुन्हा विचारते. आईच्या हाताच्या शिरा बारीक असतील, तर पोर्टबद्दल, म्हणजे औषध मोठ्या शिरेत सोडण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवायच्या छोट्या डबीबद्दल, पहिल्या डोसआधीच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट कटाक्षाने करावी. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर होणारा परिणाम साठत जातो. त्यामुळे ते सुरू करण्यापूर्वी हृदयाची इको तपासणी करतात आणि आयुष्यभराची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. उपचारांचे ठिकाण बदलले की हा हिशेब सोबत गेलाच पाहिजे. म्हणून प्रत्येक डोसची तारीख, औषध आणि मात्रा लिहिलेला कागद, तसेच बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) कुठे ठेवले आहेत याची नोंद घरच्या फाइलमध्ये असावी.

जवळचे केंद्र प्रत्येक आजाराला पुरे पडते, असा मात्र याचा अर्थ नाही. तीव्र रक्ताचा कर्करोग, लहान मुलांचे कर्करोग, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, स्वादुपिंडाची किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया ही कामे जिथे नेहमी होतात तिथेच करून घ्यावीत. किरणोपचारांच्या यंत्राला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, त्यामुळे ती सोय अनेक छोट्या केंद्रांत नसते आणि तेवढ्यासाठी बाहेर जावे लागते.

प्रश्न : दुसऱ्या डोसनंतर नवव्या दिवशी रात्री वडिलांना १०१ ताप आला. केंद्र बंद होते. पॅरासिटामॉल दिले, सकाळी ताप उतरला. आता ते बरे आहेत. हे डॉक्टरांना कळवायला हवे होते का?

उत्तर : हो, त्याच रात्री. आजही कळवा आणि रक्ततपासणी करून घ्या.

केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. जंतूंशी लढणाऱ्या या पेशीच नसल्या की पू होणे, सूज येणे ही संसर्गाची नेहमीची लक्षणे दिसत नाहीत. ताप हीच काय ती खूण उरते. म्हणून या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप ही तातडीची स्थिती मानली जाते आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे असा दंडक आहे. पॅरासिटामॉलने पारा उतरतो, संसर्ग उतरत नाही. उलट धोक्याची एकमेव खूण पुसली जाते. काही रुग्णांचा रक्तदाब अवघ्या काही तासांत घसरतो. वडील सुखरूप आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, पण पुढच्या वेळी सकाळची वाट पाहू नका. ताप नसला, तरी थंडी वाजून अंग थरथरू लागले, तर तेही तेवढेच गंभीर समजा.

घराजवळच्या केंद्राची खरी परीक्षा इथे होते. दिवसा सलाईन लावण्याची सोय अनेक ठिकाणी असते. रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो, आणि रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे आधी ठरलेले आहे का, याचे उत्तर पहिल्या डोसपूर्वीच लेखी मिळाले पाहिजे. केंद्र रात्री बंद असणे हा दोष नाही. बंद असताना रुग्णाने कुठे जायचे हे न सांगणे हा गंभीर दोष आहे. तुमच्या केंद्राने ते सांगितलेले दिसत नाही. पुढच्या भेटीत हा विषय आग्रहाने काढा. घरी चालू स्थितीतला थर्मामीटर ठेवा. पुढच्या डोसनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन द्यायचे का, हेही त्याच वेळी विचारा. ते साधारणपणे केमोथेरपी संपल्यानंतर चोवीस तासांनी किंवा त्याहून उशिरा देतात, आधी नाही.

प्रश्न : सासूबाईंची केमोथेरपी चालू आहे आणि घरात दीड वर्षाचे बाळ आहे. त्यांची भांडी, अंथरूण वेगळे ठेवावे का?

उत्तर : नाही. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. नातवंडाला त्यांनी खुशाल जवळ घ्यावे. बाळाला सर्दी-खोकला असेल तेवढे दिवस मात्र सासूबाईंच्याच सुरक्षिततेसाठी अंतर ठेवावे. डोसनंतर सुमारे ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. त्या काळात शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. घरात कोणी गरोदर असेल, तर तिने हे काम करू नये.

प्रश्न : माझ्या भावाला फुफ्फुसाचा कर्करोग आहे. इम्युनोथेरपीला दुष्परिणाम नसतात असे वाचले. मग डॉक्टर केमोथेरपीचा आग्रह का धरतात?

उत्तर : इम्युनोथेरपीचा शोध मोठा आहे यात शंका नाही, त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गाठीतील पेशी प्रतिकारशक्तीला जो लगाम घालतात, तो ही औषधे सैल करतात. पण लगाम सैल झाला की प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच आतड्यांवर, फुफ्फुसांवर, यकृतावर किंवा थायरॉइडवर चालून जाते, आणि हे उपचार सुरू झाल्यानंतर कित्येक महिन्यांनीही घडू शकते. त्यामुळे दुष्परिणाम नसतात हे खरे नाही. ते वेगळे असतात. जुलाब किंवा नव्याने लागलेली धाप घरगुती उपायांनी थोपवू नये.

कोणते औषध द्यायचे हे गाठीच्या तुकड्यावरील चाचण्यांवरून ठरते. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतील बदल आढळले, तर गोळ्यांनीच उपचार करणे अधिक योग्य ठरते. गाठीच्या पेशींवर पीडी-एल१ या प्रथिनाचे प्रमाण जास्त असेल, तर एकट्या इम्युनोथेरपीचा विचार होतो. अनेकांना केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी ही दोन्ही औषधे एकत्र दिली जातात. म्हणून ‘केमोथेरपी का?’ यापेक्षा ‘या चाचण्या झाल्या का आणि त्यांत काय निघाले?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा.

प्रश्न : पतीला पॅलिएटिव्ह केअर विभागात पाठवले आहे. याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा घ्यायचा का?

उत्तर : तसा अर्थ घेऊ नका. वेदना, धाप, मळमळ, झोप आणि मनावरचा ताण यांची काळजी घेणारा हा विभाग मूळ उपचारांसोबतच काम करतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेले १५१ रुग्ण होते. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस अधिक बरे गेले, नैराश्य कमी राहिले आणि ते सरासरीने थोडे अधिक जगलेही. तेव्हा पतींना घेऊन अवश्य जा, आणि चालू असलेले उपचार थांबणार आहेत का, हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा. मॉर्फिन सुचवले तर घाबरू नका. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा असते. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध त्याच चिठ्ठीवर लिहिले आहे ना, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी पाहून घ्या.